वर्षाला दोन रुपये

मार्च १९२४. नागपुरात मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर मतदान चाललं होतं. मंत्र्यांच्या पगाराचा विषय आला तेव्हा कौन्सिलने ठरवलं, की पगार द्यायचा, पण दोन रुपये. महिन्याला नव्हे, वर्षाला. सरकारच्या बाकीच्या मागण्या सरसकट फेटाळल्या गेल्या. पोलीस, तुरुंग, रस्ते, शाळा, दवाखाने, सगळं. शंभर वर्षांपूर्वी, परक्यांच्या राज्यात, या शहरात बसून लोकांच्या प्रतिनिधींनी एका अख्ख्या प्रांताच्या खर्चाला नाही म्हटलं.

ही हकीकत वाचताना मी त्या दोनाच्या आकड्यापाशी अडलो. शून्य का नाही? एक पैसाही न देणं जास्त झोंबलं असतं. आकड्याचा अर्थ उलगडतो तो १९१९ च्या भारत सरकार कायद्यात. त्याच्या एका कलमानुसार मंत्र्याला गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाच्या सदस्याइतका पगार देता येत असे, मात्र कौन्सिलने मतदानाने त्याहून कमी पगार ठरवलेला नसेल तरच. नुसती मागणी फेटाळली तर पूर्ण पगार देण्याचा युक्तिवाद करायला जागा उरते. कमी पगार ठरवला, मग तो कितीही कमी असो, की ती जागा उरत नाही. दोन रुपये त्या कलमात चपखल बसतात. चिडून केलेल्या निषेधाइतकाच तो कायदा बारकाईने वाचून केलेला निषेध होता, आणि मला त्याचंच जास्त नवल वाटतं.

नाही म्हणण्याचा हा हक्क कौन्सिलला मिळून तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. त्याआधीची स्थिती काय होती, ते गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या कारकिर्दीत दिसतं. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यात, व्हाइसरॉयच्या कौन्सिलात, गोखल्यांनी अंदाजपत्रकावरचं पहिलं भाषण केलं. सरकार शिलकीचा डौल मिरवत होतं. गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेऊन दाखवून दिलं, की दुष्काळ आणि प्लेगने पिचलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतल्यामुळे ही शिल्लक दिसते आहे. ते भाषण पुढे वर्षानुवर्षं अभ्यासलं गेलं. पण भाषण संपल्यावर मतदान नव्हतं. १८९२ च्या कायद्याने सदस्यांना अंदाजपत्रकावर बोलू दिलं होतं, १९०९ च्या कायद्याने ठराव मांडू दिले, पण ‘हा रुपया देत नाही’ असं म्हणण्याची सोय कुठल्याच कायद्यात नव्हती. गोखले १९१५ मध्ये गेले. आयुष्यभर अंदाजपत्रक वाचणाऱ्या या माणसाला एकाही मागणीविरुद्ध मत देता आलं नाही.

मतदान आलं ते माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी, आणि तेही अर्धवट. प्रांताच्या कारभाराचे दोन भाग पडले, हीच द्विदल राज्यपद्धती. शिक्षण, आरोग्य, शेती, स्थानिक स्वराज्य ही सोपीव खाती, ती निवडून आलेल्या मंत्र्यांकडे. पोलीस, न्याय, जमीन महसूल ही राखीव खाती, ती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे. मागण्या दोन्हींच्या कौन्सिलपुढे येत. राखीव खात्याची मागणी फेटाळली तर हा खर्च अत्यावश्यक आहे असा दाखला देऊन गव्हर्नर ती पुन्हा उभी करू शकत होता. सोपीव खात्यांच्या बाबतीत त्याचा हात आखडता होता. आणीबाणी मानून प्रांताची शांतता राखायला किंवा ते खातं चालू ठेवायला लागेल तेवढ्याच खर्चाला तो परवानगी देऊ शके.

देशबंधू दास आणि मोतीलाल नेहरूंच्या स्वराज्य पक्षाचं म्हणणं होतं, की कौन्सिलात जायचं आणि आतून हा देखावा उघडा पाडायचा. १९२३ च्या निवडणुकांत त्या पक्षाला निर्विवाद बहुमत मिळालं ते एकाच प्रांतात, मध्य प्रांतात. नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे आणि बिलासपूरचे ई. राघवेंद्र राव हे तिथले पुढारी. त्यांनी मंत्रिपदं नाकारली. गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी दुसरे मंत्री नेमले, तर जानेवारी १९२४ मध्ये त्यांच्यावर अविश्वासाचा ठराव मंजूर झाला. तरीही ते खुर्चीवर राहिले, कारण अविश्वास झाला तर मंत्र्याने जावं असं कायदा कुठेच सांगत नव्हता. मग दोनच महिन्यांनी तो पगार आणि त्या फेटाळलेल्या मागण्या.

पुढे काय झालं? प्रांत बंद पडला नाही. गव्हर्नरने दाखले दिले, राखीव खात्यांचे पैसे परत आले. सोपीव खाती त्याने स्वतःच्या हातात घेतली आणि ती चालू राहतील एवढा खर्च केला. शाळेतले मास्तर पगार घेत राहिले, दवाखाने उघडत राहिले. थांबलं ते नवं काम. मध्य प्रांतात मंत्र्यांशिवायचा हा कारभार १९२६ च्या निवडणुकांपर्यंत चालला. त्याआधीच, ऑक्टोबर १९२५ मध्ये, कौन्सिलचे अध्यक्ष आणि अमरावतीचे स्वराज्य पक्षाचे नेते श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातली जागा स्वीकारली आणि पक्ष आतून फुटला. प्रतियोगी सहकारितेचा, म्हणजे सरकारी पदं घ्यावीत की नाही याचा, जो वाद महाराष्ट्रात गाजला, त्याची ठिणगी ती.

हरले की जिंकले, याचा हिशेब लावणं अवघड आहे. पण द्विदल राज्यपद्धती तपासायला १९२४ मध्ये जी मडिमन समिती बसली, तिच्या अल्पमताच्या अहवालावर सप्रू, जिना आणि शिवस्वामी अय्यर यांच्याबरोबर आपल्या रँग्लर परांजप्यांचीही सही आहे, आणि तो अहवाल सांगतो की या पद्धतीला ठिगळ लावून भागणार नाही, तीच बदलायला हवी. गव्हर्नरची सही लागल्याशिवाय लोकांचा ‘नाही’ खोडता येत नाही, हे नागपूरने सगळ्यांना दाखवून दिलं होतं. ते स्पष्ट दिसणंच राज्यकर्त्यांना अडचणीचं होतं.

आता तीच गोष्ट आजच्या नागपुरात पाहू. दर डिसेंबरात विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनासाठी सिव्हिल लाइन्सचा भाग बदलतो. रामगिरी आणि देवगिरीवर रंगरंगोटी होते, रविभवन, नागभवन आणि आमदार निवास भरतं, मुंबईहून फाइलींचे गठ्ठे येतात, यशवंत स्टेडियमच्या आसपास मोर्चांचे मांडव पडतात. शहराला याचं अप्रूप आहे आणि थोडा त्रासही. या गडबडीत, बहुधा पहिल्याच दिवशी, अर्थमंत्री किंवा त्यांच्या वतीने एखादे मंत्री एक कागदपत्र सभागृहाच्या पटलावर ठेवतात. पुरवणी मागण्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एक आकडा येतो. डिसेंबर २०२२ मध्ये तो सुमारे ५२ हजार ३२७ कोटींचा होता, २०२३ मध्ये सुमारे ५५ हजार ५२० कोटींचा, २०२४ मध्ये सुमारे ३५ हजार ७८८ कोटींचा. आपण आकडा वाचतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. मी कित्येक वर्षं तसंच केलं. पण हा आकडा कुठून येतो आणि त्याला सभागृहात का यावं लागतं, हे एकदा समजून घेतलं की नजर हलत नाही.

घटनेच्या २६६ व्या अनुच्छेदाने राज्याचा एकत्रित निधी निर्माण केला. राज्याला मिळणारा कर, शुल्क, काढलेलं कर्ज, सगळं त्यात जमा होतं. आत जायला अडचण नाही. बाहेर यायला मात्र कायदा लागतो, शब्दशः कायदा. विधानसभा आधी एकेक मागणी मंजूर करते, मग त्या सगळ्यांचं मिळून विनियोजन विधेयक येतं, ते मंजूर होऊन राज्यपालांची सही झाली की त्या रकमेपुरता निधीचा दरवाजा उघडतो. पोलीस शिपायाचा पगार, मेयो रुग्णालयातलं सलाइन, गडचिरोलीतल्या आश्रमशाळेचं धान्य, या प्रत्येकाच्या मागे विनियोजन कायद्यातली एक ओळ उभी असते.

ती ओळ शोधायची तर लेखाशीर्ष वाचता यायला हवं. त्यातलं चार आकड्यांचं प्रधान शीर्ष देशभर एकच असतं. पहिला आकडा पैशाची जात सांगतो: शून्य किंवा एक म्हणजे महसुली जमा, दोन किंवा तीन म्हणजे महसुली खर्च, चार किंवा पाच म्हणजे भांडवली खर्च, सहा किंवा सात म्हणजे कर्ज. उरलेले आकडे विषय सांगतात. त्यामुळे २२१० म्हणजे आरोग्यावरचा रोजचा खर्च, ४२१० म्हणजे नव्या रुग्णालयाची इमारत, ०२१० म्हणजे आरोग्य खात्याला मिळालेली जमा आणि ६२१० म्हणजे आरोग्यासाठी दिलेलं कर्ज. नागपुरात २२१० लिहिलेल्या बिलाचा अर्थ गुवाहाटीच्या कोषागारातल्या कारकुनालाही तोच लागतो. एवढ्या पसरट देशाच्या पैशाला अशी एकच लिपी आहे, ही गोष्ट शाळेत कुणी सांगितली असती तर किती बरं झालं असतं.

आणि ही लिपी आपल्या खेड्यांत रुळलेली आहे. ‘पंचवीस-पंधराचं काम’ हा शब्द विदर्भातल्या कुठल्याही सरपंचाला विचारा. २५१५ हे इतर ग्रामविकास कार्यक्रमांचं शीर्ष. गावातल्या सिमेंट रस्त्याच्या, सभामंडपाच्या फलकावर आमदाराच्या नावाबरोबर ते लिहिलेलं असतं. ठेकेदार आपसात बोलताना तीस चोपन्न आणि पन्नास चोपन्न यांतला फरक सहज सांगतात, एकात रस्त्याची देखभाल, दुसऱ्यात रस्त्याचं नवं काम. संविधानातला अनुच्छेद त्यांना माहीत असेल-नसेल, पण त्याने निर्माण केलेला आकडा त्यांच्या तोंडी आहे.

कार्यालयात हा दरवाजा कसा उघडतो तेही पाहण्यासारखं आहे. मंजूर रक्कम बीम्स या संगणक प्रणालीवर चढते आणि खात्याकडून खाली खाली वाटली जाते. तालुक्यातला आहरण व संवितरण अधिकारी बिल करतो तेव्हा त्याच्या शीर्षाखाली निधी शिल्लक असेल तरच ते कोषागारात पुढे सरकतं. ‘निधी आला नाही’ हे वाक्य आपण वैतागून ऐकतो. त्या वाक्याच्या वरच्या टोकाला सभागृहाची मंजुरी असते. आणि ३१ मार्चला हा दरवाजा मिटतो. खर्च न झालेली मंजुरी त्या रात्री संपते, मार्च एंडची ती सगळी धावपळ त्यासाठी.

या यंत्रणेत मला सगळ्यात विलक्षण वाटणारा नियम २०३ व्या अनुच्छेदात आहे. विधानसभा मागणी मान्य करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू शकत नाही. एका रुपयानेही नाही. राज्यपालांच्या, म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाच्या शिफारशीशिवाय मागणी सभागृहात येतच नाही. आमदार आपल्या भागातल्या धरणासाठी घसा कोरडा करतो, पण स्वतःहून एक रुपया कुठल्या शीर्षाखाली घालू शकत नाही. पैसा सरकारने मागायचा, सभागृहाने द्यायचा किंवा नाकारायचा, हा विभाग इंग्लंडच्या हाउस ऑफ कॉमन्सने १७१३ मध्ये स्वतःवर घालून घेतला. त्याआधी १६८९ मध्ये तिथल्या हक्कांच्या कायद्याने राजाला पार्लमेंटच्या संमतीशिवाय कर घ्यायला मनाई केली होती. तीनशे वर्षांनंतरही मुंबई-नागपूरच्या सभागृहांत त्याच रेषा दिसतात.

बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक आपली, एक बँकेची, तसं हे आहे. सरकारची किल्ली फिरल्याशिवाय सभागृहाची लागत नाही आणि सभागृहाची फिरल्याशिवाय दार उघडत नाही. १९२४ मध्ये कौन्सिलने आपली किल्ली दिली नाही, तेव्हा गव्हर्नरच्या खिशात तिसरी निघाली.

काही खर्चावर मात्र मतदान नसतं. राज्यपालांचं वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं वेतन, विधानसभा अध्यक्ष आणि विधान परिषदेच्या सभापतींचं वेतन, सरकारच्या कर्जावरचं व्याज, हे सगळं भारित. बाकीचं दत्तमत. चर्चा मात्र भारित खर्चावरही होऊ शकते. न्यायाधीशाने सरकारविरुद्ध निकाल दिला म्हणून पुढच्या अधिवेशनात त्याचा पगार दोन रुपये करता येऊ नये, ही तजवीज घटनाकारांनी केली. मंत्र्यांच्या पगाराला ते संरक्षण दिलेलं नाही, ते योग्यच आहे.

मग पुरवणी मागण्या कशासाठी? मार्चमध्ये केलेला अंदाज डिसेंबरापर्यंत खोटा ठरतो. अवकाळी पाऊस येतो, नवी योजना जाहीर होते, केंद्राच्या योजनेतला राज्याचा वाटा भरायचा असतो. अनुच्छेद २०५ सरकारला सांगतो, की आणखी हवं असेल तर पुन्हा सभागृहापुढे या. त्याहीपेक्षा घाईची गरज पडली तर आकस्मिकता निधी आहे. महाराष्ट्रात त्याची कायम मर्यादा दीडशे कोटींची, आणि त्यातून उचल घेतली तर ती पुरवणी मागणीने सभागृहाकडून भरून घ्यावी लागते. सुटका नाही.

पण पुरवणी मागणी ही अपवादाची सोय होती, आणि आकडे पाहिले की अपवाद आता वर्षाचा नेम झालेला दिसतो. २०२४-२५ चं उदाहरण घ्या. अर्थसंकल्प सुमारे ६ लाख १२ हजार कोटींचा. जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या अधिवेशनात सुमारे ९४ हजार ८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, त्यांत लाडकी बहीण योजनेचा मोठा वाटा होता. डिसेंबरात नागपुरात आणखी सुमारे ३५ हजार ७८८ कोटी. या ढोबळ रकमा आहेत, बऱ्याच मागण्या एका शीर्षावरून दुसऱ्यावर पैसा हलवणाऱ्या असतात आणि निव्वळ भार कमी असतो. तरी दोन्हींची बेरीज मूळ अर्थसंकल्पाच्या पाचव्या हिश्श्याच्या घरात जाते. आणि नागपूरचं ते अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर, सहा दिवसांचं. सहा दिवसांत शोकप्रस्ताव, प्रश्न, विधेयकं आणि पस्तीस हजार कोटी. मला हे पटत नाही, आणि सरकार कुणाचं आहे यावर माझं मत बदलत नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या राज्याच्या वित्तविषयक अहवालांत एक शेरा पुन्हा पुन्हा येतो: मूळ तरतूदच पूर्ण खर्च झाली नव्हती, पुरवणी मागण्यांची गरज नव्हती. म्हणजे जे सभागृहाने विचारायचं ते लेखापरीक्षक दीड-दोन वर्षांनी विचारतात.

हे अधिवेशन नागपुरात का होतं, त्यालाही पैशाचीच पार्श्वभूमी आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि नागपूरचं राजधानीपण गेलं. त्याआधीच २८ सप्टेंबर १९५३ रोजी भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या नेत्यांनी नागपूर करारावर सह्या केल्या होत्या. विकासाचा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटावा, मराठवाड्याच्या मागासपणाकडे विशेष लक्ष द्यावं, आणि ठरावीक काळ सरकारने नागपुरात यावं, निदान एक अधिवेशन तिथे व्हावं. महाराष्ट्र झाल्यावर नोव्हेंबर १९६० मध्ये पहिलं अधिवेशन झालं. निधीच्या वाटपावर देखरेख करण्याचं घटनात्मक कलम, ३७१ (२), १९५६ पासून आहे. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष मोजला तेव्हा राज्याचा एकूण सुमारे ३,१८६ कोटी निघाला, त्यातला विदर्भाचा सुमारे १,२४६ कोटी. वैधानिक विकास मंडळं आली ती १९९४ मध्ये, आणि त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. पैसा कुठे जातो हे जवळ बसून पाहता यावं म्हणून विदर्भाने हे अधिवेशन मागून घेतलं होतं. दिवस कमी होतात तेव्हा त्या मागणीचाच एक तुकडा जातो.

मोर्चेही म्हणूनच येतात. अंगणवाडी सेविका मानधन मागतात, शिक्षक अनुदान मागतात, धानउत्पादक बोनस मागतात. प्रत्येक मागणीला शेवटी कुठलं तरी शीर्ष लागतं. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसं गेली, त्यांत बाया आणि मुलं फार होती. त्यांची मागणी आदिवासी म्हणून ओळख मिळण्याची होती, आणि त्यांच्याशी बोलायला त्या दिवशी सरकारकडून कुणी वेळेत पोचलं नव्हतं.

तर आजचं सभागृह मागणी नाकारतं का? नाही. कपात सूचना येतात. लोकसभेच्या नियमांत त्यांचे तीन प्रकार आहेत. धोरणच मान्य नसेल तर मागणी एक रुपया करा, काटकसर हवी असेल तर अमुक रक्कम कमी करा, एखादी तक्रार मांडायची असेल तर शंभर रुपये कमी करा. गंमत बघा, शंभर रुपयांची कपात मंजूर झाली तरी सरकारवरचा विश्वास उडाला असं मानलं जातं. कारण आपल्या पद्धतीत जे सरकार सभागृहात पैसा मिळवू शकत नाही ते सरकार राहत नाही. १९२४ च्या कौन्सिलला मागणी फेटाळता येत होती, सरकार घालवता येत नव्हतं. आजच्या विधानसभेला सरकार घालवता येतं, आणि म्हणूनच बहुमतातला कुणी मागणी फेटाळत नाही.

अमेरिकेशी ताडून पाहिलं की हे अधिक उमगतं. तिथे काँग्रेसने निधी दिला नाही तर अध्यक्ष जात नाही, दोघे समोरासमोर उभे राहतात आणि कार्यालयांना कुलपं लागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मधली टाळेबंदी ४३ दिवस चालली, तिथल्या तोवरच्या इतिहासातली सगळ्यात लांब. म्हणजे रचनेच्या दृष्टीने १९२४ चं नागपूर आजच्या मुंबईपेक्षा वॉशिंग्टनच्या जवळचं होतं, फक्त गव्हर्नरच्या दाखल्यामुळे कुलपं लागली नाहीत. आपल्याकडे कुलूप लागायची वेळ येत नाही. निवडणुकीच्या वर्षी पूर्ण अर्थसंकल्प शक्य नसेल तर लेखानुदान घेऊन चार महिन्यांची सोय केली जाते.

मग नाकारण्याचं बळ जातं कुठे? ते प्रश्नांत उतरतं. मंत्री सभागृहात उभा राहून उत्तर देतो, कारण त्याच सभागृहाकडून त्याला पैसा हवा असतो. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्धा तास चर्चा, विधानसभेत नियम २९३ चा आणि परिषदेत २६० चा प्रस्ताव, या सगळ्यांना धार तिथून येते. आणि हे सगळं वरवरचं वाटत असेल तर लोकलेखा समितीकडे बघावं. नागपुरातच महालेखाकारांचं कार्यालय आहे, विदर्भ-मराठवाड्याच्या खर्चाच्या नोंदी तिथे जमतात. लेखापरीक्षणाचा अहवाल राज्यपालांमार्फत सभागृहात येतो, अनेकदा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी, म्हणजे चर्चेला वेळ नसताना. पण मग तो लोकलेखा समितीकडे जातो. १९१९ च्या कायद्यानंतर केंद्रात आणि प्रांतांत या समित्या सुरू झाल्या. तिथे कॅमेरे नसतात, पक्षाची घोषणाबाजी नसते. विभागाचे सचिव साक्षीला बसतात आणि त्यांना विचारलं जातं, की पैसा मंजूर एका कामाला झाला, गेला कुठे.

गोसीखुर्द घ्या. भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ वैनगंगेवरचं धरण, सुमारे अडीच लाख हेक्टर भिजवण्याचा संकल्प. १९८३ मधली मूळ किंमत सुमारे ३७२ कोटी. भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्प. किंमत पुढे १८ हजार कोटींवर गेली. यातला एकही रुपया चोरवाटेने निधीतून निघालेला नाही. प्रत्येक वर्षी मागणी आली, प्रत्येक वर्षी सभागृहाने ती मंजूर केली, विनियोजन विधेयक झालं, सही झाली. पन्नास पट किंमत एका दिवसात वाढली असती तर सभागृह पेटलं असतं. ती तीस-चाळीस मंजुऱ्यांत वाटली गेली. भंडारा-चंद्रपूरच्या ज्या शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या आणि जे पाण्याची वाट बघत म्हातारे झाले, त्यांच्यासाठी त्या प्रत्येक मंजुरीच्या दिवशी कुणीतरी उठून मागच्या वर्षीच्या पैशाचं काय झालं हे विचारायला हवं होतं. काहींनी विचारलंही. लेखापरीक्षकांनी लिहिलं, न्यायालयात याचिका झाल्या, चौकशा लागल्या. त्यांतली बरीच सामग्री सरकारी कागदांतलीच होती, कारण मागणी सभागृहापुढे आणायची म्हणजे ती लिहून आणायची.

पुरवणी मागण्यांच्या पुस्तकात प्रत्येक बाबीखाली पैसे का लागले याचं छोटं स्पष्टीकरण छापलेलं असतं. ते वित्त विभागाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतं. पुढच्या डिसेंबरात ते पटलावर आलं की मी तीन ठिकाणी पेन्सिल लावणार आहे. ज्या शीर्षाखाली मार्चमध्ये मोठी तरतूद होती आणि आठ महिन्यांत निम्मीही खर्च झाली नाही, तिथे पुन्हा पैसा मागितला आहे का? नाममात्र रकमेची मागणी कुठे आहे, कारण बहुधा तिच्या आडून नव्या योजनेला सभागृहाची संमती घेतलेली असते आणि पुढचे कोटी तिच्या मागून येतात. आणि स्पष्टीकरणात ‘अपुऱ्या तरतुदीमुळे’ एवढेच दोन शब्द किती बाबींखाली आहेत? तरतूद अपुरी का पडली, हे त्या दोन शब्दांत नसतं, आणि आमदाराने उठून विचारायचं ते नेमकं तेवढंच.